मुळांवरचा बुळबुळीत थर

आमच्या बाबांना बुळबुळीतपणाचा भारी तिटकारा. मोरीत, नळाशी, बादलीच्या बुडाशी हाताला जरा चिकट लागलं की घासणी घेऊन बसलेच! दवाखान्यात सफाईचे मुकादम होते. माणूस निवृत्त झाला, हात काही झाले नाहीत. आणि माझ्या धाकट्या भावाने संशोधनाला विषय घेतला तो कुठला? बुळबुळीत थर! आता काय बोलायचं?

चांगले जिवाणू एकमेकांना धरून मुळावर घर करतात, त्यांचा चिकट थर बसतो. ते मुळाला खाऊ पुरवतात, रोगाला दाराबाहेर ठेवतात. धाकट्याने हे प्रयोगशाळेत करून दाखवलं होतं. बाहेर, खऱ्या लागवडीत थर टिकतो का, एवढाच प्रश्न उरला होता. नाही टिकला तर संस्था गाशा गुंडाळायला सांगणार होती. म्हणून चाचणी माझ्या शेडमध्ये. मी पालक लावते, मातीविना, मांडणीवर एकावर एक ठेवलेल्या पन्हळींमधल्या पाण्यात. प्रत्येक पन्हळीचं पाणी वेगळं. थर धरला तेव्हा धाकटा मला ओढतच घेऊन गेला.

"ताई, हात लावून बघ ना!"

शेंबडासारखं लागलं. मी "शी!" म्हटलं आणि तो लहानपणी हसायचा तसा हसला.

बाबांना मात्र आम्ही सांगितलं, मुळांना औषध लावलंय. चिकट म्हटलं असतं तर त्यांना जेवण गेलं नसतं. शहाणेच आम्ही!

संस्थेच्या बाई थर तपासायला यायच्या त्या सकाळी धाकटा त्यांना आणायला गेला, मी बाजारात. बाबा शेडमध्ये एकटे. मुलाच्या साहेब येणार आणि मुळं ही अशी बरबटलेली? लोक काय म्हणतील! त्यांनी एकेक रोप उचललं, जंतुनाशकाच्या पाण्यात मुळं खळबळली, साध्या पाण्यातून काढली, पन्हळी पुसल्या आणि रोपं होती तशी परत लावली.

मी दारात पाऊल टाकलं आणि जंतुनाशकाचा वास नाकात घुसला. उभ्याने हाताला येईल ते रोप बाईंनी उपसलं होतं. मग दुसरं, मग तिसरं. मुळं पांढरीशुभ्र.

"इथे काही मारलं होतं का?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकट्याने बाबांकडे पाहिलं. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा कोपऱ्यात उभे होते, चेहरा नुसता फुललेला. मी तोंड उघडणार तोच धाकट्याने माझा दंड दाबला.

"नाही," तो म्हणाला.

गाढव! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

"मग टिकला नाही म्हणायचा," बाई म्हणाल्या. "जागा मात्र फार स्वच्छ ठेवलीय हो, काका."

काम बंद झालं. धाकटा आता परगावी जंतुनाशकाच्या कारखान्यात आहे. हसावं की रडावं? बाबांशी फोनवर 'जेवलात का'च्या पुढे जात नाही. आणि बाबा मला विचारतात, "पोरगं माझ्यावर का गं रुसलंय?"

परवा त्यांनी शेडमधून हाक मारली. "अगं, ये, बघ तरी!"

सगळ्यात खालच्या पन्हळीतला पालक पंख्याएवढ्या पानांनी नुसता तरारला होता. वरच्या ओळी त्याच्यापुढे केविलवाण्या दिसत होत्या.

"ही तेवढी मला त्या दिवशी धुता आली नव्हती. गुडघा वाकतो कुठे? तरी बघ! फोटो पाठव त्याला. म्हणावं, बाबा म्हणतात, औषध नाही टिकलं तर नाही, पालक आपसूक येतो. मनाला लावून घेऊ नकोस."

मी पाठवला. मग उत्तर आलं, 'बाबांचा गुडघा फार दुखतो का गं?'

चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं वाटलं असतं रे!

"काय म्हणतो?"

"गुडघ्याचं विचारतोय."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी घासणी माझ्या हातात दिली. "मला काही वाकवत नाही. तेवढी ती पन्हळ तू घासून टाक."

"नाही घासणार!" मी केवढ्याने ओरडले.

"अगं, पण मुळं किती चिकट झालीत," बाबा म्हणाले.