भालाईताची जखम

रविवारची जेवणं आटोपली की वहिनी टेबल पुसायची आणि तिची धाकटी नणंद, म्हणजे दादाची बहीण, त्यावर खेळाचा नकाशा पसरायची. एरवी पडद्यांच्या दुकानात मान मोडून शिवणारी ही बाई त्या टेबलावर अख्ख्या राज्याची मालकीण. दऱ्या, दरोडेखोर, अजगर सगळं तिच्या डोक्यातून निघायचं, आणि बाकीचे तिघं आपापलं पात्र घेऊन त्यातून वाट काढायचे. दादाचा भालाईत, वहिनीची तिरंदाज आणि दादासोबत वेल्डिंग करणाऱ्या गुटगुट्याचा मांत्रिक. पुढे काय होणार ते फासे ठरवायचे. मार बसला की पॉइंट कमी, शून्यावर आलं की पात्र मेलं.

दादाच्या फुफ्फुसांचं आता काही खरं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि बहिणीने नियमच बदलून टाकला. आता शून्यावर आलेला माणूस नुसता बेशुद्ध पडे आणि झोप झाली की ठणठणीत उठे. कुणी हूं की चूं केलं नाही. घरात तरी वेगळं काय चाललं होतं? दादाने आजाराचा विषय काढला की वहिनीच्या हातातली भांडी मोठ्याने वाजायला लागत.

एका रविवारी दादाने मुद्दामच भालाईताला कड्यावरून उडी मारायला लावली.

"उठला का?"

"उठला," बहीण म्हणाली.

"खरचटलंही नाही?"

"नाही."

दादाने फासा बाजूला सारला. त्याला धाप लागली होती. "घरात आजाराचं नाव काढायचं नाही, इथे जखमेचं. सगळ्या जगात मी एकटाच मरतोय का गं?"

गुटगुट्या नखं बघत बसला. बहिणीचे डोळे भरले. मग दादानेच नवा नियम सांगितला: जखम झाली की ती राहणार. खेळातल्या दर सकाळी तिच्यासाठी फासा टाकायचा. चांगला पडला तर भरेल, वाईट पडला तर चिघळेल. बहिणीने जड मनाने मान डोलावली.

भालाईत अजगरापासून वाचला, दरोडेखोरांपासून वाचला, आणि एका गावात त्याला भटकं कुत्रं चावलं.

"हत्ती गेला नि शेपूट अडकलं!" गुटगुट्याने कपाळावर हात मारला. दादा खोकला येईपर्यंत हसला.

पण फासे वाईटच पडत गेले. जखम पोटरीतून मांडीपर्यंत चढली. मांत्रिकाचे काढे संपले. शेवटचा फासा दादाने स्वतः टाकला. तोही वाईटच पडला.

"अजून थोडा श्वास आहे," बहीण कशीबशी म्हणाली. "वहिनी, तिरंदाज काय करते?"

वहिनी नकाशाकडेच बघत म्हणाली, "त्याच्या उशाशी बसते."

"काही बोलते?"

"बोलते. म्हणते, मला सगळं ठाऊक होतं रे. तोंडातून काढलं तर खरं होईल, म्हणून गप्प होते." तिने मान वर केली. आता ती नवऱ्याकडे बघत होती. "तुम्ही बोलायला यायचात आणि मी भांडी आपटायची. तुम्हाला एकटं पाडलं हो मी."

दादाने तिचा हात धरला. "भालाईत म्हणतो, नाही पाडलंस. म्हणतो, मागे राहिलीस की पोटभर रड, पण जेवत जा."

गुटगुट्या पाणी आणायच्या निमित्ताने उठला आणि स्वयंपाकघरातच उभा राहिला. बहीण नकाशाची घडी घालायला लागली, पण तिला घडी जमेना.

पुढे थंडीत दादाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. वहिनी चहा घ्यायला खाली उतरली होती तेवढ्यात तो गेला. बहीण धावत खाली आली आणि जिन्यातच तिला बिलगली. "वहिनी, तुझी शेवटची भेटसुद्धा झाली नाही गं!"

वहिनीने हातातला कप सावकाश पायरीवर ठेवला. "झाली होती," ती म्हणाली, आणि मग तिथेच खाली बसून मोठ्याने रडू लागली. तिला कुणी अडवलं नाही.