माझी काही हरकत नाही

आमच्या घरात घोड्यांचं आणि रिव्हॉल्व्हरांचं वेड आलं ते आजोबांपासून. कुशाबा परब गिरणीत काम करायला कोकणातून मुंबईला आले, कापसाच्या धुळीने सहा महिन्यांत खोकून बेजार झाले आणि दादरच्या एका सिनेमा स्टुडिओत घोडे सांभाळायला लागले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने त्यांना एक घोडी आणि दोन जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं रीतसर परवाना करून देऊन टाकली. आजोबांच्या मागे ते सगळं माझ्या बाबांकडे, रामदास परबांकडे आलं. कुणाला शूटिंगला घोडा हवा असला, डाकूच्या हातात खरं रिव्हॉल्व्हर हवं असलं, की लालबागला आमच्या चाळीत निरोप यायचा.

बाबांच्या मागे ते माझ्याकडे येणार, असं मी दहा वर्षांची असल्यापासून धरूनच चालले होते.

तसं वाटायला कारण होतं. माझा धाकटा भाऊ स्वप्नील घोड्याजवळ गेला की शिंका देऊन देऊन लाल व्हायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये नुसत्या आवाजाचं, गोळी नसलेलं काडतूस वाजवलं तरी तो कान झाकून आईच्या मागे लपायचा. म्हणून दर रविवारी बाबा मलाच घेऊन वरळीच्या तबेल्यात जायचे. तिथे आमची शेवंती होती. तांबूस रंगाची, डाव्या कानाला खाच पडलेली. खरारा करताना तिच्या आयाळीच्या मुळाशी खाजवलं, की ती खालचा ओठ लोंबता सोडून डोळे मिटायची. मला तेव्हा शाळेत एकही मैत्रीण नव्हती आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

दुपारी घरी आलो की बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं काढायचे. "आत काय नाय ता आधी डोळ्यांनी बघ. मग बोटान बघ. मगच फडका लाव." मी शिवणयंत्राच्या तेलात भिजवलेला फडका नळीतून ओढायची. सिलिंडर फिरवलं की एकेक घर खट्खट् पुढे सरकायचं. तो आवाज मला इतका आवडायचा की परीक्षेला जाताना मी तो मनात वाजवत जायची. आई कुरकुरायची, "पोरीच्या हाताला तेलाचा वास येतोय, वेणी कशी घालू मी तिची?" बाबा हसून म्हणायचे, "ह्या पोरीक कळता." ते एवढंच म्हणायचे, पण ते ऐकायला मी काहीही केलं असतं.

आणि केलंही. मी बारा वर्षांची असताना आरे कॉलनीत एक शूटिंग होतं. त्यातला बालकलाकार घोड्यावर बसायला घाबरला. बाबांनी मला त्याचे कपडे घातले, वेणी फेट्यात कोंबली आणि शेवंतीवर बसवलं. दोन वेळा दौड नीट झाली. तिसऱ्या वेळी कुणीतरी फार जवळून बार काढला. शेवंती बिथरून दोन पायांवर उभी राहिली आणि मी दगडांवर पडले. बाबा ओरडत धावत आले आणि माझ्याजवळून पुढे गेले. शेवंतीला शांत करून त्यांनी तिचे चारही पाय एकेक करून वरपासून खालपर्यंत चाचपले. ती लंगडत नाही अशी खात्री झाल्यावर ते माझ्याकडे वळले. माझं कोपर मोडलं होतं.

तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. मीही आधी तिलाच बघितलं असतं. केईएममध्ये प्लास्टर घालताना मी डॉक्टरांना अभिमानाने सांगत होते, की आमच्या घोडीला साधं खरचटलंही नाही. तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

चौदाव्या वर्षी तबेला बंद झाला. म्हणजे माझ्यापुरता. "आता मोठी झालंस. थंय सगळे बाप्ये," बाबा म्हणाले. मी दोन रविवार चप्पल घालून दारात उभी राहिले. तिसऱ्या रविवारी राहिले नाही. पुढे तबेल्याच्या जागेवर टॉवर उठला. शेवंती वरातीवाल्या एका माणसाला दिली हे मला आईकडून तीन दिवसांनी कळलं. तिच्यासाठी मी त्या दिवशी जेवले नाही. घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्न होऊन मी वरळीच्या बीडीडी चाळीत आले, सुर्वे झाले. मला मुलगी झाली, आकांक्षा. पुढे आई गेली. दोन हजार चौदा साली बाबा बहात्तर वर्षांचे झाले, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कागद होता. परवाना आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं स्वप्नीलच्या नावावर करायची होती. दुसरी वारस म्हणून माझी हरकत नाही, असं मी लिहून द्यायचं होतं.

"बाबा, त्याला सिलिंडर तरी उघडता येतं का?"

"शिकात."

"मला येतं."

"म्हाईत आसा माका." त्यांनी पेन पुढे केलं. "पण तू आता सुर्व्यांची. तुझ्या हातात गेलां म्हणजे ता सुर्व्यांच्या घरात गेलां. सही कर गो."

स्वप्नील खिडकीशी उभा राहून मोबाइल बघत होता. त्याला ती नको होती हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. पण "नको" एवढं म्हणायचीही त्याने तसदी घेतली नाही. मी सही केली. भांडायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, ज्याने मला सगळं शिकवलं त्यालाच ते माझं आहे हे पटवून द्यावं लागत असेल, तर ते माझं नाहीच.

नऊ वर्षांनी स्वप्नीलचा फोन आला. "ताई, पोलीस स्टेशनला ये ना. परवाना रिन्यू करायचा राहून गेला. ती जमा करायला सांगतायत, आणि मला ती उघडता येत नाहीत."

मी गेले. त्याने दोन्ही रिव्हॉल्व्हरं चामड्याच्या म्यानांत घालून कपाटात ठेवली होती, पाहुण्यांना दाखवायला. नऊ पावसाळे चामड्याने ओल धरली होती. मी एक बाहेर काढलं तर हाताला तपकिरी भुकटी लागली. सिलिंडर फिरेना. हवालदाराने रॉकेल आणवलं, तरी फिरेना. दुसऱ्याची नळी आतून खाल्ली गेली होती. त्याने कागदावर "गंजलेली, निकामी" असं लिहिलं आणि मला विचारलं, "तुमची का?"

"नाही," मी म्हणाले. "यांची."

बाहेर आल्यावर स्वप्नीलने लांब श्वास सोडला. "सुटलो एकदाचा. बाबांना सांगू नकोस हां. विचारलं तर कपाटात आहेत म्हणून सांग."

बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. स्वप्नील आणि त्याची बायको प्रिती दोघंही ऑफिसला जात, म्हणून दुपारी त्यांना भरवायला वरळीहून मी येत असे. दुसऱ्या दिवशी पेजेचे चार घास घेतल्यावर त्यांनी विचारलंच, "रिव्हॉल्व्हरां पुसल्यान काय त्येनी?"

मी खोटं बोलू शकले असते. "ती पोलिसांकडे जमा झाली, बाबा," मी म्हणाले. "गंजून गेली होती. आता ती वितळवतील. तुमच्या मुलाने नऊ वर्षांत एकदाही त्यांना फडका लावला नाही."

बाबांचे ओठ हलत होते. मी वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, या माणसाने एकदा तरी माझं नाव घ्यावं एवढ्यासाठी मी वाट पाहिली.

मग त्यांनी मान वळवली आणि काळजीने विचारलं, "पोलिसांनी स्वप्नीलाक खूप वेळ बसवून ठेवल्यानी काय गो?"

"नाही," मी म्हणाले. "फार वेळ नाही."

पेज निवत चालली होती. मी पुढचा चमचा भरला.