एका ठोक्याचे दोन आवाज

लोखंडाची सळई राळ लावलेल्या कातड्यानं ओढली की ती किंचाळते, आणि तिच्या टोकाला काचेच्या नळीत पसरलेला बुचाचा भुगा उठून सारख्या अंतरावर ढिगुल्या करून बसतो. निशा कुरणेनं हा प्रयोग बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी, कोल्हापुरात कॉलेजच्या प्रयोगशाळेत केला. ढिगुल्यांमधलं अंतर मोजलं, सळईची लांबी मोजली, भागाकार केला. लोखंडातून आवाज हवेपेक्षा जवळजवळ पंधरापट वेगानं धावतो, असं उत्तर आलं. पुस्तकातही तेच होतं. इंगवले सरांनी जर्नलवर सही केली.

निशाला मात्र ते पटलं नव्हतं. हवा एवढी हलकी, मोकळी, आणि लोखंड कसलं जड. जड वस्तूतून काही धावेल कसं?

"जड आहे, कबूल," सर म्हणाले. "पण ताठ किती आहे ते बघ की. तसूभर दबत नाही. दबत नाही म्हणून आलेला धक्का जवळ ठेवतच नाही, लगेच शेजारच्याला देऊन मोकळं होतं. अणू-रेणू विसर तू सध्या. लोखंड सलग आहे असं समज. पाणी सलग, हवा सलग. एका जागी ढकललं की सगळीकडं बातमी जाते. कुठं लवकर, कुठं उशिरा, एवढाच फरक."

"सर, पण हे कुणी कानानं ऐकलंय का?"

उदयसिंह इंगवले हे शिस्तीचे गृहस्थ. डस्टर झटकायचंसुद्धा त्यांचं ठरलेलं तंत्र होतं. पण या प्रश्नाला त्यांनी हातातलं डस्टर खाली ठेवलं.

"ऐकलं असणार लोकांनी. मी नाही ऐकलं. त्याला फार लांब लोखंड लागेल, निशा. आपल्याकडं मीटरभर आहे."

जानेवारीत जोडून सुट्टी आली तशी निशा गारगोटीची एस.टी. धरून गावी गेली. गावाला पाणीपुरवठ्याची नवीन स्कीम होत होती. वेदगंगेचं पाणी उचलून माळावरच्या हौदात नेऊन टाकायचं होतं. निशाची आई, बनाबाई, त्याच कामावर चर खणायला जात होती. संध्याकाळी आईला न्यायला म्हणून निशा नदीकडं गेली आणि चरापाशी आल्यावर तिथंच उभी राहिली.

चरात नळ पडला होता. लोखंडी, कळशी सहज आत जाईल एवढा रुंद. तुकड्याला तुकडा वेल्डिंगनं जोडून तो नदीकाठापासून निघाला होता, चढ चढून टेकाडाच्या खांद्यावरून पलीकडं उतरला होता आणि दिसेनासा झाला होता. अजून मोटारीला जोडलेला नव्हता, वर हौदालाही नव्हता. दोन्ही तोंडं उघडी, आत पाण्याचा थेंब नाही.

"आई, ह्यो केवढा लांब असंल गं?"

"मुकादम म्हंतोय किलोमीटरला जरा कमी. का गं?"

निशानं कारण सांगितलं. बनाबाईला त्यातलं एवढंच कळलं, की पोरीला ह्या टोकाला ठोकायचं हाय आणि त्या टोकाला कुणीतरी कान लावून बसायचं हाय.

"मग मी जाती तिकडं. तूच ठोक. मी ठोकल्याली बघितली तर गणपती मुकादम मला बोलंल, तू काय कामावर न्हाईस."

बनाबाई टेकाड चढून पलीकडं उतरली. ती पोचली असेल असा अंदाज घेऊन निशानं पडलेला हातोडा उचलला आणि नळाच्या काठावर एकच ठोका मारला. नळ झणझणला आणि गप्प झाला. मग ती वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं टेकाडावर आईचा पदर दिसला. जवळ येण्याआधीच बनाबाईनं हाक घातली. तिचा आवाज तसाच, चार शेतांपलीकडं जाणारा.

"एकदाच ठोकणार म्हणालीस की. दोनदा कशाला ठोकलंस?"

"एकदाच ठोकलं, आई."

"मी काय बहिरी हाय व्हय? आधी टण् करून कानाच्या बुडाला लागलं. मग जरा दम खाल्ला, आन् मग दुसरं आलं. मऊ, लांबनं आल्यागत."

निशाच्या हातात हातोडा तसाच राहिला. नळ पोकळ आहे, पोकळीत हवा आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं ठोका एकच मारला होता, पण तो दोन वाटांनी गेला होता. लोखंडातली बातमी आधी पोचली होती आणि हवेतली मागनं, दमत दमत. आणि हे आईनं सांगितलं होतं. तिला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून मनाचं घालायचा प्रश्नच नव्हता.

"आई, आता मी जाती. तू ठोक. मुकादमाला मी सांगीन."

पलीकडच्या टोकाला पोचल्यावर निशा चरात उतरली, मातीत गुडघे टेकले आणि थंडगार काठाला कान लावला. समोर माळ मोकळा होता. कुठं काही हलत नव्हतं. आईचा हात, हातोडा, नदी, सगळं टेकाडाआड.

टण्.

ठोका कानात नाही, दातांत वाजला. मग शांतता. त्या शांततेत तिला कळलं, की दुसरा आवाज आत्ता नळात आहे. निघालाय, पण आला नाही. टेकाड चढतोय, खांदा ओलांडतोय, उतरतोय. ती श्वास रोखून त्याची वाट बघत राहिली आणि तो आला, नळाच्या काळ्या तोंडातून, गोल आणि मऊ.

सहा महिने ती फळ्यावरून जे समीकरण उतरवून घेत होती, ते या माळावर, या चिखलमातीत खरोखर चाललेलं होतं. कुणी ऐको न ऐको, ते चालूच होतं. हाताखालचं लोखंड मुकं नव्हतं. मग हा दगड, ही नदी, पायाखालची सगळी जमीन? तिनं नळावरचा हात हळूच उचलला, झोपलेल्या जनावरावरून उचलावा तसा.

आईनं आणखी किती वेळा ठोकलं कुणास ठाऊक. शेवटी ती स्वतःच बोलवायला आली.

कॉलेज सुरू झाल्यावर निशानं सरांना सांगितलं. सरांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "नळात पाणी कधी भरणार आहेत?"

"सोमवारी टेस्टिंग हाय म्हणे, सर."

रविवारी सकाळच्या एस.टी.नं इंगवले सर गावात उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. बनाबाई हातोडा घेऊन नदीकाठाला थांबली. सोबतीला तिच्याबरोबर काम करणारी अंबूबाई होती. निशा सरांना घेऊन पलीकडं गेली. सरांनी रुमाल अंथरला, मग तो गोळा करून खिशात घातला आणि सरळ मातीत बसून काठाला कान लावला.

पहिला ठोका आला. दुसरा आला. सर हलले नाहीत. ठरल्याप्रमाणे थोड्या वेळानं पुन्हा दोन आले. मग पुन्हा. सरांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ते ओले होते, आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"पंचवीस वर्षं शिकवतोय मी हे," ते म्हणाले. "खरं आहे गं हे."

ठोके थांबले. बनाबाई दमून तिकडच्या तोंडाशीच टेकली असणार. निशानं नळाच्या तोंडाशी वाकून बघितलं, आणि आतून कुणीतरी बोललं. अगदी कानाशी, हलक्या आवाजात.

"मला काय कळत न्हाय गं अंबू, पोरगी काय शिकती त्ये. ठोक म्हणली की ठोकती. पर कवा कवा भ्या वाटतंय. लई लांब जाणार ही."

आईला इतक्या हळू बोलता येतं हे तिला माहीत नव्हतं. पाऊण किलोमीटरवरची कुजबुज टेकाड ओलांडून, एक शब्द न सांडता, तिच्यापर्यंत आली होती. सरांनीही ती ऐकली असावी. ते उठले, चरातून वर चढले आणि पाठ करून माळाकडं बघत उभे राहिले.

निशानं नळात तोंड घातलं.

"आई," ती हळूच म्हणाली.

आणि थांबली. शब्द जायला वेळ लागणार होता, तेवढाच यायला. नळात काहीच ऐकू येत नव्हतं. मग लांबवर कुणाचा तरी श्वास अडकल्यासारखा झाला.

"निशे? तू... तितनं बोलतीस व्हय?"

"व्हय."

पुन्हा ती वाट. बनाबाईनं या वेळी आवाज चढवला नाही.

"मग बोल की आणि थोडं," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."