घराआधी उभा राहिलेला बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे आणि एका जागी टिकणं माझ्या नशिबात नाही. माझी मालकीण घरांचे नकाशे काढते. घर कागदावर उतरवण्याआधी ती मला त्या जागेवर रोवते, छपराच्या उंचीला लाल फडकं बांधते आणि लांब किनाऱ्यावर जाऊन बघते. फडकं झाडांच्या वर डोकावलं, की नकाशातलं छप्पर खाली येतं आणि मी उपटला जातो. एका घराच्या वेळी तर तिनं मला घटकाभरही स्वस्थ उभं राहू दिलं नाही.

कारण ते घर तिच्या आत्याचं होतं. आत्या अंथरुणाला खिळलेली. तिचं मागणं एकच, पलंगावरून समुद्र दिसला पाहिजे.

"दोन मजले चढव, झालं," मालकिणीचा दादा म्हणाला.

"आणि आत्यानं अंगणात यायचं कधी?" मालकिणीनं विचारलं.

मालकिणीनं घर झाडांच्या आडोशाला ठेंगणंच ठेवलं. खिडकीच्या उंचीला माझ्यावर दुसरं फडकं बांधून ती मागे उभी राहिली. समोर समुद्र दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. मलाही वाटलं, सुटलो एकदाचा.

मग आत्याला खाटेसकट तिथं आणलं.

"अगं, मला तर नुसती वाळू दिसतेय," आत्या म्हणाली.

मालकीण तिच्या शेजारी वाळूत आडवी झाली. खरंच, वाळूचं टेकाड मधे येत होतं. तिनं सगळं उभ्यानं मोजलं होतं. ती रडवेली झाली, आणि मला फार वाईट वाटलं.

"टेकाड सपाट करून टाकू," दादा म्हणाला.

"हात लावायचा नाही. ते आहे म्हणून लाटा दारात येत नाहीत. त्यापेक्षा मला उचला," आत्या म्हणाली.

मग आमची वरात निघाली. दादा आणि तीन गवंडी खाटेला, मालकीण मला खांद्यावर घेऊन मागे. "अजून पुढे," आत्या म्हणत राहिली.

"आत्या, पुढच्या गावात घर बांधायचंय का?" दादाला धाप लागली होती.

टेकाड जिथं उतरत जातं, तिथं आत्याला पडल्या पडल्या समुद्र दिसला. तिनं खाट खाली ठेवायला लावली. मालकिणीनं मला तिथंच रोवलं.

आता त्या जागी घर आहे. किनाऱ्यावरून ते पटकन सापडत नाही, आणि मालकीण त्यालाच शाबासकी समजते. मी मागच्या भिंतीशी पडून असतो. फावड्याचा आवाज आला की अजून धास्ती वाटते, पुन्हा कुणीतरी टेकाड कापायला निघेल.

म्हणून सांगतो मित्रांनो, जमिनीला जपा. आणि कुणासाठी घराचा नकाशा काढाल, तर आधी त्या माणसाशेजारी थोडा वेळ आडवे व्हा.