करंजावरचा शिक्रा

माझ्या नवऱ्याला यच्चयावत पक्ष्यांचे आवाज ओळखता यायचे, बायकोचा मात्र तिसऱ्या हाकेला. हे मी माहेरच्यांना अनेकदा ऐकवलं आहे आणि त्यात काही खोटं नाही. उमाकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. लग्नानंतर आम्ही साताऱ्याहून बंगळूरला आलो, पुढे बसवनगुडीत घर घेतलं आणि घराला जी हातभर बाग होती तिच्यात त्यांनी पहिल्याच वर्षी गसगसेचं झाड लावलं. मी म्हटलं होतं, लिंबू लावू. लिंबाला पाखरं येत नाहीत, असं उत्तर आलं. गसगसेला बोराएवढी गोड लाल फळं येतात आणि त्या फळांवर अख्ख्या गल्लीतली पाखरं येतात. लोणच्याची लिंबं मी अजून गांधीबाजारातून आणते.

रविवारी उजाडायच्या आत दुर्बीण गळ्यात अडकवून स्वारी बाहेर पडायची. मी घरी. आधी आमची यशश्री लहान होती म्हणून, मग सासूबाई होत्या म्हणून, आणि नंतर घरात कोणी नव्हतं तरी सवय म्हणून. निवृत्तीनंतर त्यांच्याभोवती एक मंडळ जमलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सगळ्यांना गावाबाहेरच्या एखाद्या तळ्यावर न्यायचे आणि पक्षी दाखवायचे. तिथे म्हणे खूप बोलायचे. घरी मोजकं बोलणं, तेही पाखरांबद्दल. मी त्यांना 'तुमची पाखरं' म्हणायची आणि फोडणी करपते म्हणून उठायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी आम्ही बागेत चहा घेत होतो. उमाकांत झाडाकडे बघत म्हणाले, "फुलटोच्या हल्ली येईनासा झालाय. देवाप्पांनी त्यांच्या डाळिंबावर काही फवारलं असणार."

फुलटोच्या म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. रंग मळका, गाणं काही नाही, नुसतं टिक टिक टिक. गॅसचा लायटर पेटत नसला की आपण खटखट करतो ना, तसं. आणि तो त्या क्षणी त्यांच्या डोक्यावरच्या फांदीत बसून टिकटिकत होता. मलासुद्धा ऐकू येत होता. मला, म्हणजे जिने आयुष्यभर कानांवर हात ठेवले तिला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे चहा संपवून शेजारी गेले आणि बिचाऱ्या देवाप्पांना औषधं न फवारण्याबद्दल चार शब्द सुनावून आले. देवाप्पा कुंपणावरून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डाळिंबाला आजवर पाणीदेखील वेळेवर मिळालेलं नाही.

यशश्री मारतहळ्ळीला राहते. तिला फोन केला तर ती दुसऱ्याच दिवशी येऊन वडिलांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. वयाचं आहे, डॉक्टर म्हणाले. माणसांचं बोलणं ऐकू येतं, बसचे भोंगे येतात, कोकिळा येते. बारीक आवाज तेवढे गेलेत. यशश्रीने यंत्र घेऊन दिलं. उमाकांतांनी डबा न उघडताच कपाटात ठेवला. "तुझ्या आईचं बोलणं मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं," म्हणाले. "आणखी काय ऐकायचंय?"

मानी माणूस. मी नाद सोडला.

पण पुढच्या पहिल्या रविवारी ते तळ्यावरून आले ते गप्प. जेवताना कळलं. मंडळात महांतेश म्हणून बँकेतला माणूस आहे, निपाणीकडचा. त्याने झुडपातला कुठलासा आवाज ऐकून "सर, कोण हो हा?" विचारलं आणि हे भलतीकडेच बघत राहिले. "पुढच्या महिन्यापासून महांतेशलाच मंडळ न्यायला सांगतो," हे म्हणाले आणि भात न घेता उठले.

मला ते सहन झालं नाही. खरं सांगते, त्या पाखरांचा मी जन्मभर रागराग केला. पण पाखरांशिवायचा हा माणूस मला नको होता. तो दिवसभर खिडकीशी बसेल, वर्तमानपत्राची घडी उलगडेल आणि पुन्हा घालेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

"पुढच्या वेळी मी येते," मी म्हटलं.

"तू? कशाला?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गुडघ्यांसाठी."

मग मी अभ्यासाला लागले. भाजी चिरताना कानांत फोनची ती बोंडं घालायची आणि फोनवर पक्ष्यांचे आवाज लावायचे. उमाकांतांना वाटायचं, मी प्रवचन ऐकते. एकदा यशश्रीला म्हणाले, आईला उतारवयात बरीच भक्ती सुचली आहे. मी मान खाली घालून गवारीच्या शिरा काढत राहिले. सूर्यपक्षी, शिंपी, वटवट्या, कोतवाल, सगळे माझ्या स्वयंपाकघरात शिकून झाले. वटवट्या उडताना पंखांची चटचट करतो, बिघडलेल्या स्विचमधून ठिणगी उडावी तशी. शाळेत असते तर पहिली आले असते.

पण नवऱ्याला चारचौघांत 'तो बघा वटवट्या' कसं म्हणायचं? त्यांची उरलीसुरली अब्रू मीच घालवायची की काय? म्हणून मी बावळटपणा पत्करला. आवाज आला की मी मोठ्याने विचारायची, "अहो, त्या उजवीकडच्या बांबूत खाली कोण चटचट करतंय?" हे दुर्बीण फिरवायचे, क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "वटवट्या." मग त्याचं घरटं, त्याची शेपूट, त्याचा सगळा खानदानी इतिहास. लोक ऐकत राहायचे.

प्रणिता नावाची पुण्याची मुलगी, कंप्युटरवाली, मला म्हणायची, "काकू, तुमचे क्वेश्चन्स किती क्यूट असतात!" मी हसायची. मनात म्हणायची, बाळ, पुढच्या वर्षी तुला प्रश्नपत्रिकाच काढून देते.

महांतेशवर मंडळ न्यायची वेळ काही आली नाही. उमाकांतच नेत राहिले. आणि परतीच्या वाटेवर, मंडळाच्या बसमध्ये मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसून, ते मला पक्ष्यांबद्दल सांगायला लागले, कारण मी विचारत होते ना. मग पक्ष्यांवरून त्यांच्या लहानपणीच्या विहिरीवर गाडी जायची, विहिरीवरून वडिलांवर. वडिलांची त्यांना किती भीती वाटायची, हे मला या वयात कळलं. घरी आल्यावरही बोलणं चालू असायचं. मी कुकर लावायची आणि हे दाराच्या चौकटीला टेकून बोलत उभे.

तरी ते कपाटातलं यंत्र मला डाचत होतं. माझेही कान काही अमरपट्टा घेऊन आलेले नाहीत. आज मी आहे, उद्या सर्दी झाली तर? मी अधूनमधून विषय काढायची. "बघू," एवढंच.

या जानेवारीत मंडळ कनकपुरा रोडच्या बाजूच्या एका तळ्यावर गेलं. नाचणीची कापणी झालेली, शेतांत सड उरलेले, बांधावर करंजाची दाट हिरवी झाडं. इकडे त्यांना होंगे म्हणतात. उमाकांत तळ्याकडे तोंड करून प्रणिताला पाणकावळे दाखवत होते. एवढ्यात आमच्या मागून, करंजातून, दोन तुकड्यांची बारीक, तीक्ष्ण हाक आली. मी ओळखली. महांतेशनेही ऐकली.

"सर, आवाज आला नव्हं?" त्याने विचारलं. "कोण म्हणायचं ह्याला?"

सगळे उमाकांतांकडे बघू लागले. उमाकांत मानेने हो म्हणाले आणि तळ्याकडेच बघत राहिले. पुन्हा हाक आली. ते पुन्हा तळ्याकडेच. बावळट प्रश्न काही केल्या सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "करंजावर शिक्रा आहे."

नाव घेऊन. चांगलं स्पष्ट.

प्रणिता माझ्याकडे बघत राहिली. महांतेश म्हणाला, "होय की, अक्का. मला बी शिक्राच वाटला." आणि उमाकांत वळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दुर्बीण डोळ्यांना लावून करंजाकडे. बराच वेळ बघत होते.

"शिक्रा नाही," ते म्हणाले.

"सर, पर आवाज तर शिक्र्याचाच," महांतेश म्हणाला.

"शिक्रा म्हणजे ससाण्यासारखा शिकारी. तो झाडावर असता तर शेजारच्या फांदीवरचे ते बुलबुल एवढे निवांत बसले असते का? एव्हाना पळापळ झाली असती." मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "प्रेमा, आता काय ऐकू येतंय?"

मी करंजाकडे कान दिला. ते थांबले होते.

"आता बुलबुल," मी हळूच म्हटलं. "आता शिंपी. आता... अहो, आता कोतवाल. आणि सगळं एकाच फांदीवरून."

"हरेवा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "स्वतः पानासारखा हिरवा, त्यामुळे दिसत नाही. आणि नकला करतो सगळ्यांच्या. डाव्या फांदीच्या टोकाला बघा, गळा काळा आहे." प्रणिताला तो दिसला, मग महांतेशला. मला सर्वांत शेवटी. पाखरू कसलं, वात्रट कारटं. शिकून शिकून शिकलेल्या बाईला त्याने सरळ गंडवलं होतं.

मला वाटलं, सुटलो. पण उमाकांत मंडळाकडे वळून म्हणाले, "मला यातलं काही ऐकू आलेलं नाही. बारीक आवाज मला गेली दोन वर्षं येत नाहीत. इतके दिवस मी जे तुम्हांला आवाजावरून सांगितलं, ते ऐकलं हिने. मी फक्त नाव सांगत होतो."

मी मान खाली घालून सड बघत उभी. शेवटी महांतेश म्हणाला, "सरी सरी, ठीक हाय, सर. मग आता अक्कांना पुढं चालू द्या, तुम्ही संगट. आम्ही मागं येतो." आणि तो खरंच दोन पावलं मागे सरला.

नाश्त्याला सगळे बांधावर पांगले. आम्ही दोघं जरा लांब बसलो. मी चित्रान्नाचा, म्हणजे इकडच्या लिंबू-भाताचा, डबा उघडला आणि झाकण जरा जोरातच आपटलं.

"केव्हापासून माहीत होतं तुम्हांला?"

"पहिल्या रविवारपासून."

"कसं?"

"अगं, जन्मभर तू 'तुमचं ते पाखरू ओरडतंय' एवढंच म्हणायचीस. 'उजवीकडच्या बांबूत, खाली' असं नेमकं विचारणारी ती माझी बायको नव्हे. कोणीतरी शिकवून पाठवलेली बाई."

मला हसू यायला हवं होतं. आला राग. "मग मला एवढी नाचवली कशाला? मी जीव मुठीत धरून यायची प्रत्येक वेळी. आपलं चुकेल, तुमचं हसं होईल म्हणून. कपाटात यंत्र पडलंय. ते लावलं असतं तर काय गेलं असतं तुमचं? एवढा कसला मान?"

"आधी होतं मानाचं. आता नाही."

"मग कशाचं आहे?"

त्यांनी चित्रान्नातला शेंगदाणा उचलला आणि बोटांत तसाच धरून ठेवला. तळ्याकडे बघत होते.

"यंत्र लावलं असतं," ते म्हणाले, "तर तू घरी बसली असतीस."

एवढी वर्षं रविवारी दार लावून घेताना मला वाटायचं, या माणसाला माझी सोबत नकोच आहे. आणि याने माझ्या सोबतीसाठी आपले कान कपाटात ठेवले होते. सूर्यपक्षी सोडला, फुलटोच्या सोडला. ज्यांच्यासाठी मला घरी सोडून जायचा, ते सगळे सोडले. मी रडले. बांधावर, चित्रान्नाचा डबा मांडीवर घेऊन, सरळ रडले. प्रणिताने लांबून पाहिलं आणि शहाण्यासारखी पाठ फिरवली.

"वेडे आहात," मी पदराने नाक पुसत म्हटलं. "यायचं नसतं तर दोन वर्षं गवार निवडताना ती चिवचिव ऐकली असती का मी? लावा ते यंत्र. मी येणार म्हणजे येणार. त्या नकलाकाराला मी अशी सोडणार नाहीये."

"प्रत्येक रविवारी?"

"प्रत्येक रविवारी."

"गुडघे?"

"गुडघ्यांना कधीच काही झालं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शेंगदाणा तोंडात टाकला, खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग यशश्रीला विचार, ते कानात कसं घालतात."