नऊ स्वच्छ गाणी

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेअर आहे. जुना आपला वयानं. अंगावर माझ्या एक ओरखडासुद्धा नाही. जानेफळला वैजनाथ सरांच्या घरी, टेबलाच्या वरच्या खणात, ज्या खोक्यातून मी आलो त्याच खोक्यात मी पडून असतो. महिन्यातून एकदा सर मला बाहेर काढतात, मऊ फडक्यानं पुसतात, चार्ज करतात आणि पुन्हा ठेवून देतात. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मला ते म्हणायला तोंड नाही. माझी काळजी फार घेतली गेली, आणि तीच माझी कहाणी आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. काड्यापेटीएवढं अंग, त्यावर बोटाच्या पेराएवढा पडदा आणि खाली एकमेकांना चिकटलेली पाच बटणं. रूप म्हणाल तर एवढंच. गुणही एकच. तारेनं संगणकाला जोडलं की मी साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो. गाणी टाका, गाणी काढा, कोणाला विचारायला नको. माझे पुष्कळ भाऊबंद तसे नव्हते. त्यांना आपापल्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागायचं, आणि ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालायचं नाही.

इथेच माझं नशीब फळफळलं, कारण वैजनाथ सर पक्के लिनक्सवाले. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांच्याकडे संगणकाची खोली आली, तिथे त्यांची लिनक्सशी गाठ पडली, आणि मग घरच्या संगणकावरही त्यांनी तेच घातलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी प्रणाली, जी कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. "आपण घेतलेली वस्तू उघडायले दुसऱ्याची परवानगी कायले पाह्यजे?" हे सरांचं ठरलेलं वाक्य. वाक्य खोटं नव्हतं. माणूसही वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल.

सरांच्या आई विमलबाई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. सर शाळेत, सून शकुंतला अंगणवाडीत, त्यामुळे दुपारपर्यंत घरात त्या एकट्याच असत. त्यांनी मुलाकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच. "मले तानीची कॅसेट ऐकव रे बाबू."

तानी म्हणजे त्यांची थोरली बहीण तानाबाई. वरवट बकालला माहेरी एका वर्षी दोघी बहिणी भुलाबाईच्या दिवसांत, म्हणजे आश्विनाच्या सुमारास पोरी भुलाबाई मांडून रोज गाणी म्हणतात तेव्हा, एकत्र आल्या होत्या. लहान पोरींची गाणी म्हाताऱ्यांनी म्हटली, आणि त्यांच्या भाच्यानं ती टेपरेकॉर्डरवर भरून घेतली. पुढच्या वर्षी तानाबाई गेल्या. कॅसेट तेवढी राहिली.

घरातला टेपरेकॉर्डर बंद होता. त्याचा पट्टा तुटला होता, एवढंच. शकुंतलाबाई म्हणाल्या, मेहकरच्या बाजारात नवा पट्टा बसवून मिळतो, येत्या सोमवारी घेऊन जाते. सर हसले. कॅसेट म्हणजे मरत चाललेली वस्तू, आज पट्टा, उद्या दुसरं काही. करायचं तर एकदाच आणि नीट करू, असं त्यांनी बजावलं. त्या दिवसापासून प्लेअरची निवड सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला त्या निवडीचं! मुलगी पाहतानासुद्धा लोक इतकं खोदून विचारत नाहीत. सरांनी त्यासाठी एक वही केली. इंटरनेटवर लिनक्सच्या जाणकारांचा एक गट होता, त्यात रोज प्रश्न टाकले. मेहकरची दुकानं झाली, मग एसटीनं बुलढाणा झालं. सोबत शाळेचा लॅपटॉप, आणि दुकानात पोचल्या पोचल्या तार जोडून परीक्षा. बुलढाण्याचा गोकुळ नावाचा दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "सर, गाणं कोणाले ऐकाचं हाय, तुमच्या मशीनीले का माणसाले?" सरांना तो अडाणी वाटला. मला अजून वाटतं, त्या सगळ्या खटाटोपात शहाणा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला.

तीन महिने गेले. विमलबाई संध्याकाळी सरांच्या चपलांचा आवाज ऐकून विचारत, "आला काय रे?" सर म्हणत, पुढच्या आठवड्यात. चौथ्या महिन्यात मी आलो. सरांनी तार जोडली, मी गुमान उघडलो, आणि सरांनी मांडीवर थाप मारली. त्याच संध्याकाळी त्यांनी गटावर माझं कौतुक लिहिलं, भली दोन पानं. पुण्याहून, बंगळुरूहून शाबासक्या आल्या. मी फुगलो, खोटं कशाला बोलू? ज्या बाईसाठी मी आलो होतो, तिच्या हातात मला अजून कोणी दिलंही नव्हतं.

आधी कॅसेट संगणकात उतरवायची होती. सरांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणला आणि स्वतःच्या कानांना हेडफोन लावून तीन रविवार मान मोडून काम केलं. तेही साधंसुधं नाही. आवाजाची खरखर काढली. मधला खोकला, हसणं, बायकांची बडबड, डब्यांचा खडखडाट, सगळं कापून टाकलं. राहिली नऊ गाणी. त्यांना नावं दिली, क्रमांक दिले आणि माझ्यात भरली. तिसऱ्या रविवारी कॅसेटची जुनी फीत यंत्रात गुंतून तुटली, तेव्हा सरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण सगळं तर उतरवून झालं होतं. ती त्यांनी केरात टाकली. संगणकातली मूळ कच्ची प्रतही जागा अडवते म्हणून पुसली.

मग मला विमलबाईंच्या ओंजळीत ठेवलं आणि इअरफोन त्यांच्या कानांत बसवले. पहिलं गाणं सुरू झालं. त्यांचं सुरकुतलेलं तोंड उजळलं, हात आपोआप टाळ्या देऊ लागले. गाणं संपलं तशी त्यांनी मान वर केली आणि त्या थांबल्या. कुणीतरी बोलणार आहे आणि आपल्याला उत्तर द्यायचं आहे, अशा थांबल्या. मी दुसरं गाणं सुरू केलं. प्रत्येक गाण्यानंतर तसंच झालं. नऊ गाणी संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "तानी बोलत नाही काय रे?"

"ते सारं काढून टाकलं, आई," सर अभिमानानं म्हणाले. "गोंगाट होता नुसता. आता एकदम स्वच्छ गाणे हायत."

विमलबाईंनी चाचपत कानांतले इअरफोन काढले. मग म्हणाल्या, "बरं केलं, बाबू."

खरी गोष्ट त्यांनी दोन दिवसांनी सुनेला सांगितली. भुलाबाईपुढे गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. डबा झाकून आणायचा, हलवून वाजवायचा, आत काय आहे ते दुसऱ्यांनी सांगायचं. कॅसेटवर प्रत्येक गाण्यानंतर तानाबाई डबा वाजवत होत्या आणि म्हणत होत्या, विमे, सांग बरं, काय हाय? "तानी माह्यं नाव घ्याची," विमलबाई म्हणाल्या. "आता मले कोणी आई म्हणते, कोणी आजी म्हणते. विमे म्हणणारं कोण राह्यलं वं, शकुंतला?"

शकुंतलाबाईंनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं. सरांचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि आईजवळ जाऊन बसेल. ते उठले आणि संगणकाजवळ जाऊन बसले. पुसलेली फाईल परत आणणारी सॉफ्टवेअरं असतात. लिनक्सवर त्यांतलं कोणतं चांगलं, याची चौकशी त्यांनी गटावर सुरू केली. वहीत नवं पान उघडलं. पुन्हा निवड! आठवडे गेले. हाती लागला एक खोकला आणि डब्याचा अर्धा खडखडाट. नाव लागलं नाही.

इकडे विमलबाई मला चाचपत बसत. माझी बटणं त्यांच्या बोटाखाली दोन-दोन दाबली जात. पडद्यावर मी जे विचारी ते त्यांना दिसत नसे. एकदा माझी भाषाच बदलली आणि मी चिनी अक्षरं दाखवू लागलो. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, आई, तू बटनं दाबत नको जाऊ. मग मला उंच फळीवर ठेवलं, बिघडू नये म्हणून. लिनक्सला मी चाललो होतो. विमलबाईंना मी चालतो की नाही, हे त्या वहीत कुठल्याच पानावर विचारलेलं नव्हतं.

आश्विन लागला. विमलबाईंनी अंथरूण धरलं. एका सकाळी शाळेत जाण्याआधी सरांच्या मनात आलं, आईला एकटं वाटू नये. त्यांनी मला फळीवरून काढलं, नऊ गाणी पुन्हा पुन्हा वाजत राहतील अशी लावली, मला उशीखाली सारलं आणि इअरफोन आईच्या कानांत घातले. वर डोक्यावरून पदर नीट सारखा केला, वारं लागू नये म्हणून. मुलानं घातलेले म्हणून विमलबाईंनी ते काढले नाहीत. शकुंतलाबाई तेव्हा अंगणवाडीत पोचल्या होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

दुपारी त्या घरी आल्या. बऱ्याच दिवसांपासून त्यांच्या मनात एक गोष्ट घोळत होती. आमच्याकडे सून सासूचं नाव घेत नाही. शकुंतलाबाई अंगणवाडीच्या कागदावर ते नाव लिहीत, पण तोंडानं त्यांनी ते लग्नापासून उच्चारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्टीलच्या डब्यात फुटाणे भरले, झाकण लावलं आणि सासूच्या पायाशी उभ्या राहिल्या. त्यांनी डबा हलवून वाजवला. "विमे," त्या म्हणाल्या. "सांग बरं, काय हाय?"

उशीखालून मी ते ऐकलं. त्याच वेळी विमलबाईंच्या कानात मी चौथं गाणं म्हणत होतो, अगदी स्वच्छ.

शकुंतलाबाईंनी पुन्हा हाक मारली, जरा हळू. विमलबाईंचं तोंड भिंतीकडे होतं. त्या हलल्या नाहीत. थांबायचं कसं हे मला माहीत नाही. मी थांबतो ते कोणी बटण दाबलं तर. शकुंतलाबाईंना वाटलं, सासूबाईंना राग आला. सुनेनं नाव घेतलं, तेही एकेरी. त्या डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि तो त्यांनी पिठाच्या कोठीमागे ठेवून दिला. लाजेनं त्या संध्याकाळपर्यंत पुन्हा सासूच्या खोलीत आल्या नाहीत. तिन्हीसांजेला सर आले, त्यांनी इअरफोन काढले, मला पुसलं. बायकोनं त्यांना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी विमलबाई गेल्या. पुन्हा कोणी त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

शकुंतलाबाई अजून दर वर्षी सासूच्या फोटोपुढे हात जोडून त्या दिवसाची माफी मागतात. हे त्या मोठ्यानं म्हणत नाहीत, पण खणातून मला ओठांची पुटपुट ऐकू येते. खरं काय घडलं ते या घरात फक्त मला ठाऊक आहे. माझ्यात नऊ गाणी आहेत, आणि मी तेवढीच म्हणू शकतो.

मित्रांनो, शेवटी चार शब्द सांगायची रीत आहे, म्हणून सांगतो. वस्तू घेताना ती कशाकशावर चालते ते जरूर बघा. पण ज्याच्यासाठी घेता त्याच्याजवळ आधी जाऊन बसा, आणि तुला काय ऐकायचं आहे हे त्यालाच विचारा. आणि घरातलं म्हातारं माणूस तुमच्या हाकेला ओ देत नसेल, तर ते रुसलं असं समजून मागे फिरू नका. जवळ जा, डोक्यावरचा पदर हळूच बाजूला करा, आणि पुन्हा एकदा हाक मारा.