नगराध्यक्षांचा चेंडू

शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता रेमेदियोस कागिगासने नगराध्यक्षांचा चेंडू अडवला. डाव्या पायाने, अगदी खांबालगत. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे आधी कुणाला कळेना. मग अख्खं विल्यापार्दो उभं राहून ओरडू लागलं.

हा गोलरक्षक म्हणून तिच्या निवृत्तीचा सोहळा होता. इतर गावांत हँडबॉल खेळताना सगळ्यांत सुस्त पोराला गोलमध्ये उभं करतात. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, कांताब्रियाच्या या बंदरात गोलमध्ये कोण, यावरून पोरी एकमेकींच्या झिंज्या ओढतात. ही रेमेची करणी. डेन्मार्कमध्ये चेंडू बसून नाक फुटलं, तेव्हा तिने कापूस कोंबून उरलेला सामना काढला. युरोपचा अंतिम सामना हरून ती परतली, तरी मासेमारीच्या बोटींनी भोंगे वाजवले होते.

सोहळा साधा ठेवला होता: ज्याला हवं त्याने रांगेत यावं आणि सात मीटरवरून एक चेंडू फेकावा. रांग पार क्रीडागृहाच्या दाराबाहेर गेली. गोल व्हावा असं त्यातल्या कुणालाच वाटत नव्हतं. ‘रेमेने माझा अडवला’ एवढंच प्रत्येकाला घरी जाऊन सांगायचं होतं. पाववाल्याचा अडवला, पाद्रीबाबांचा अडवला. मासळीच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या आईचाही अडवला.

“कार्टे, नऊ महिने पोटात वागवलं तुला! एक सोडायला काय जात होतं?”

“जोर कुठे होता त्यात, आई?”

“घरी ये, दाखवते जोर!”

लोक हसत असतानाच क्लबचे अध्यक्ष इसिद्रो जाळीमागे आले.

“रेमे, बाई, हात जोडतो. पुढचा नगराध्यक्षांचा आहे. तेवढा सोड.”

“का म्हणून?”

“क्रीडागृहाला तुझं नाव द्यायचा ठराव सोमवारी येतोय. तीन मतं कुंपणावर आहेत, तिन्ही त्यांच्या माणसांची. त्यात टीव्हीवाले आलेत. माणसाची शान राहू दे.”

रेमेने वर छपराकडे बघितलं. या क्रीडागृहाचं छप्पर घालणाऱ्या गवंड्यांत तिचे वडील होते. उद्घाटन बघायला ते उरले नाहीत. कागिगास हे आडनाव या दारावर लागावं, असं तिला फार वाटत होतं. पण एक चेंडू मुद्दाम सोडला, तर आधीचे सगळे खरे अडवले हे कोण मानणार? पाववाला मानणार नाही. आई तर नाहीच नाही.

नगराध्यक्ष फर्मिन किंतानाल कोट काढून आले. तरुणपणी ते खेळलेले होते. चेंडू खाली, कोपऱ्यात, सणसणत आला. रेमेचा पाय त्याआधीच निघाला होता.

“काय हे रेमे, आमची एवढीही पत नाही?”

“पत आहे म्हणूनच अडवला, साहेब. आजचा सगळ्यांत अवघड तुमचाच होता.”

ते हसले, पण कोट घालताना त्यांना बाही सापडेना. इसिद्रोंनी डोकं धरलं. आई मात्र शेजारणीला कोपर मारून म्हणाली, “बघितलंस? माझी लेक आहे ती.” रेमे पुन्हा दोन्ही खांबांच्या मधोमध ताठ उभी राहिली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला तिने हाताने बोलावलं.

सोमवारी ठराव चर्चेला आला. कुंपणावरचे तिघेही नगराध्यक्षांकडे बघत राहिले. नगराध्यक्षांनी मतदान गुरुवारवर ढकललं. कारण दिलं नाही. आज बुधवार; संध्याकाळपर्यंत तरी दारावर ‘नगरपालिका क्रीडागृह’ हीच पाटी आहे.